परसातली हरकी आणि भावाचं काळीज

आमच्या घरी पुरुषमाणसाला जेवताना आग्रह करत नाहीत. पाहुणा 'पुरे' म्हणाला की आई वाढण्याचा हात तिथल्या तिथे मागे घेते. आपल्याकडे 'पुरे' हा शब्द खरा मानायचा नसतो, हे तिला कळत नाही असं नाही. खाणाऱ्याने तीनदा नको म्हणायचं, वाढणारीने चौथ्यांदा ताटात टाकायचं, आणि मग दोघांनीही खूश व्हायचं, ही रीत तिलाही ठाऊक आहे. पण ती एकदाच वाढते. लांज्याच्या आत असलेल्या आमच्या वाडीत त्यामुळे तिचं नाव झालंय. "हिच्याकडं जेवाया जायचां तर घरनां खाऊन जावा," असं बायका तिच्या तोंडावरही म्हणतात.

दुसरा नियम याहून विचित्र. दुपारच्या जेवणानंतर घरातल्या पुरुषाने आडवं व्हायचं नाही. घरात पुरुष एकच, माझा धाकटा भाऊ. तो मुंबईला लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. रजेवर आला की जेवण झाल्याबरोबर आई त्याच्यापुढे अडकित्ता आणि सुपाऱ्यांचं ताट ठेवते. चार वाजेपर्यंत त्याने सुपारी कातरायची. आमच्यात पान कोणी खात नाही. तरीही फळीवर कातरलेल्या सुपारीचे तीन डबे भरलेले आहेत. पाहुण्याने पान मागितलं की भाऊ म्हणतो, "घ्या, घ्या, याचा तरी आग्रह आमच्यात चालतो."

दोन्ही नियम एकाच दुपारी जन्माला आले. मी नऊ वर्षांची होते, भाऊ तीन. बाबा गणपतीला मुंबईहून आले होते. मोदक झाले होते. बाबा 'पुरे' म्हणाले, आईने हसत आणखी दोन वाढले, वर तूप ओतलं. जेवून ते ओटीवर चटईवर पडले. चहाच्या वेळी आई हाक मारायला गेली तेव्हा ते गेलेले होते. वय छत्तीस. माझी मोठी आत्या तेव्हा घरीच होती. सगळी वाडी अंगणात जमलेली असताना ती आईला म्हणाली, "आग्रह करकरून मारलास माझ्या भावाला." कोणी तिला गप्प केलं नाही. माझ्या मते आईने ते वाक्य तेव्हाच मान्य करून टाकलं, आणि पुढची तीस वर्षं त्याप्रमाणे वागली.

मला हे सहन होत नसे. मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते, मांडवीला राहते, आणि स्वभावाने चोंबडी आहे. चौकस हा सभ्य शब्द झाला. कोणती गोष्ट का होते हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि कळल्यावर ते चार जणांना सांगितल्याशिवाय तर मुळीच पडत नाही. आईला मी कितीदा तरी सांगितलं की मोदकाने माणूस मरत नाही. ती म्हणायची, "तू बघितलंस? मी बघितलंय." यावर विज्ञानाचा इलाज नव्हता.

दोनेक वर्षांपूर्वी शिमग्याला भाऊ आला तो अंगात ताप घेऊनच. आई त्याला झोपून राहा म्हणत होती, पण पालखी दारात येणार आणि घरचा मुलगा आत निजून राहणार हे त्याला पटेना. पालखी अंगणात आली, ढोल सुरू झाला, आणि नारळ हातात घेऊन पुढे निघालेला भाऊ उभाच्या उभा कोसळला. काही सेकंदच. पाणी मारल्यावर उठून बसला आणि विचारलं, "नारळ फुटला काय?" सगळे हसले. आई हसली नाही. तिचा चेहरा मी पाहिला आणि त्याच दुपारी भावाला गाडीत घालून रत्नागिरी गाठली.

तिथे मुंबईचे एक हृदयाचे डॉक्टर महिन्यातून दोनदा तीन-तीन दिवस येतात. नशिबाने त्यांचा तो पहिलाच दिवस होता. त्यांनी ईसीजी काढला, बराच वेळ पाहिला, पुन्हा काढला. मग विचारलं, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे?"

"बाबा," मी म्हटलं. "छत्तिसाव्या वर्षी. जेवून झोपले ते उठले नाहीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अगदी डोळे विस्फारून ऐकलं. काही माणसांचं हृदय दिसायला धडधाकट असतं. झडपा ठीक, रक्तवाहिन्या ठीक. पण ठोके चालवणारी जी वीज असते तिच्यात जन्मापासून एक दोष असतो. एरवी तो गप्प बसतो. तापात, झोपेत, पोट फार भरलेलं असताना तो डोकं वर काढतो आणि ठोक्यांची लय एकदम विस्कटते. घराण्यात हा दोष बापाकडून मुलांकडे येऊ शकतो.

"म्हणजे मोटर बरी, वायरिंगमध्ये लोच्या," भाऊ म्हणाला. लिफ्टवाल्याला लगेच कळलं.

"तसंच म्हणा. पण तुमच्यात तो नक्की आहे असं आत्ता म्हणता येणार नाही. आलेख संशयास्पद आहे, एवढंच."

दोन दिवसांनी ताप उतरला, पुन्हा ईसीजी काढला, तर तो आरशासारखा स्वच्छ. आता खरं काय ते कसं ठरवायचं? डॉक्टर म्हणाले की एक चाचणी आहे. ती मुंबईला त्यांच्या रुग्णालयात करावी लागेल. एक औषध शिरेतून हळूहळू द्यायचं. एरवी ते ठोक्यांची लय बिघडली असताना वापरतात. पण हा दोष असलेल्या हृदयाला दिलं तर उलट लपलेला दोष आलेखावर उघडा पडतो. दोष नसेल तर काही होत नाही. औषधाचं नाव अजमलिन.

हे नाव ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले. "सर्पगंधेतलं?"

"तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

मला माहीत असण्याचं कारण साधं होतं. आमच्या परसात, विहिरीच्या बाजूला आंब्याच्या सावलीत सर्पगंधेची सात-आठ झुडपं आहेत. आमच्याकडे तिला हरकी म्हणतात. गुडघाभर उंची, एका ठिकाणी तीन-तीन पानं, पावसाच्या सुमारास लालसर देठांवर पांढरी फुलं, मग काळी फळं. गुण सगळा मुळात. साप चावला, झोप येत नाही, डोकं फिरलं, की पूर्वी हिचं मूळ उगाळून देत. सापाला तिचा काही उपयोग नाही, पण झोपेला आहे, आणि पुढे रक्तदाबाचं एक जुनं औषध याच मुळातून निघालं, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. त्याच मुळात दुसरा एक पदार्थ सापडला, तो आपल्याच देशातल्या एका संशोधकाने वेगळा काढला आणि दिल्लीच्या एका हकिमांचं नाव त्याला दिलं, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. पण तो पदार्थ माझ्या घरच्या प्रश्नाला कधी लागू पडेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. गंमत म्हणजे औषध इथे मिळत नव्हतं. बाहेरून मागवायचं होतं, दोन आठवडे लागणार होते. परसातली वस्तू परदेशातून येणार होती.

संध्याकाळी गावी पोचले ती थेट स्वयंपाकघरात. आई भाकऱ्या करत होती. मी वहीतला आलेखाचा कागद फाडून तिच्यापुढे रेघा काढल्या. ही साधी रेघ, ही दोषाची. हे औषध दिलं की ही रेघ अशी वर चढते. हरकीच्या मुळातलं औषध, आई, आपल्या हरकीच्या! ती ऐकत होती, मधेच भाकरी उलटत होती.

"आणि तुला कळतंय का," मी म्हटलं, "याच्यात दोष निघाला तर याचा अर्थ काय? बाबांना हाच होता. मोदकांचा काही संबंध नाही. आत्या खोटी पडली."

"आणि नाय निघाला तर?"

"नाही निघाला तर काय, हा ठणठणीत. तीही आनंदाचीच गोष्ट."

आईने तवा उतरवला. दोष नाही निघाला तर तिच्या वाट्याला काय उरत होतं, याचा मी विचारही केला नाही. मी तेव्हा इतकी खुशीत होते की गणित दोन्ही बाजूंनी सुटतंय असंच मला वाटत होतं.

औषध येईपर्यंत भाऊ रजा वाढवून गावीच राहिला. मी पुढच्या रविवारी गेले तर साहेबांचं नाक चोंदलेलं, डोळे जड, बोलणं संथ. सर्दी म्हणावी तर शिंक नाही, ताप नाही. दुपारी अडकित्ता हातात घेऊनच पेंगत होता. आई दर पाच मिनिटांनी त्याला ढोसत होती. "उठ रे, उठ. कातर." तो म्हणाला, "ताई, आयुष्यात एवढी झोप आली नाही गं." मी म्हटलं, मुंबईची थकलेली हाडं आहेत, पडू दे त्याला. आई माझ्यावर खेकसली.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं मुंबईला रुग्णालयात हजर. भावाला पलंगावर निजवलं, छातीला तारा लावल्या. परिचारिकेने रक्तदाब मोजला. दुसऱ्या हाताला मोजला. मग डॉक्टरांना बोलावलं. दाब बराच खाली होता आणि नाडीही मंद. अशा अंगात हे औषध सोडता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"कुठलं औषध चालू आहे?"

"काही नाही," भाऊ म्हणाला. त्याने आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

"आई?"

तिने हातातली पिशवी उघडली आणि कागदाची एक पुडी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. आत सुकलेले, पिवळट, वाकडेतिकडे तुकडे होते. मी वर्गात दाखवते तेच.

"हरकीचां मूळ हाय," ती म्हणाली. "सहाणीवर उगाळून रोज सकाळी दिलां. आठ दिस. आज गाडीत पण."

"तू मला सांगितलंस पोट साफ राहायचं औषध आहे!" भाऊ उठून बसायला लागला. परिचारिकेने त्याला परत निजवलं.

"पण का?" माझा आवाज चढला होता. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "कशाला दिलंस?"

"तूच सांगितलंस ना, ह्येचांच औषध टोचणार. आदी सवय झाली की मग अंगाला लागत नाय. रोज मिठाच्या पाण्यात हात असला की मीठ झोंबत नाय, तसां."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. त्यांनी आईला बसवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं. त्या मुळात एकच पदार्थ नाही, पुष्कळ आहेत. त्यातला एक रक्तदाब उतरवतो, झोप आणतो, नाक चोंदवतो. दोष दाखवणारा पदार्थ त्यात किती आहे ते कोणी सांगू शकत नाही. आणि ज्याच्या हृदयाच्या वायरिंगचा भरवसा नाही त्याला अशी गोष्ट घरी देणं म्हणजे जिवाशी खेळ होता. "मावशी, पुन्हा एक तुकडासुद्धा नाही," ते म्हणाले. आई मान हलवत राहिली. मूळ अंगातून पुरतं जाईपर्यंत तीन-चार आठवडे थांबायचं ठरलं.

परतीच्या प्रवासात मी तिला भरपूर सुनावलं. ती खिडकीबाहेर बघत होती. पुढे राग ओसरल्यावर मला या प्रकाराची मजाच वाटायला लागली. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हा किस्सा आत्याच्या वाक्यासकट रंगवून सांगितला. आमच्या आईला वाटलं की ही परीक्षा आहे, पोराने पास व्हायला पाहिजे, म्हणून तिने आठ दिवस पेपर सोडवून घेतले. सगळे पोट धरून हसले. त्यातल्या एकीने विचारलं, "पण नापास झाला तर तिचीच सुटका होती ना गं?" मी म्हटलं, आईला एवढा हिशोब कुठला कळायला. हे बोलल्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभराने पुन्हा गेलो. या वेळी भावाचा रक्तदाब छान होता, नाक मोकळं होतं आणि तोंड तर त्याहून मोकळं. "आज तरी खरा पेपर आहे ना?" त्याने परिचारिकेला विचारलं. मी विज्ञानाची शिक्षिका आहे म्हणून डॉक्टरांनी मला आलेखाच्या पडद्याजवळ उभं राहू दिलं. आई बाहेर बाकावर बसली.

औषध एका लहानशा काचेच्या कुपीत होतं. पाण्यासारखं स्वच्छ. ते थोडं थोडं शिरेत जात होतं आणि डॉक्टर दर मिनिटाला नवा आलेख पाहत होते. बाजूला झटका देण्याचं यंत्र चालू करून ठेवलं होतं. पहिले काही आलेख सारखेच होते. मग छातीच्या वरच्या बाजूला लावलेल्या तारांची रेघ बदलायला लागली. तिचं टोक उचललं गेलं, आणि पुढच्या आलेखात ती वर चढून हळूहळू घसरत खाली आली. आईपुढे वहीच्या कागदावर मी काढली होती, जवळपास तशीच. मला इतकं भारी वाटलं की क्षणभर मी विसरूनच गेले, ही रेघ माझ्या भावाची आहे. एका झुडपाच्या मुळातला पदार्थ तीस वर्षं न दिसलेली गोष्ट पडद्यावर काढून दाखवतो! 'आहे' असं मी चक्क पुटपुटले. डॉक्टरांनी औषध थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे मला पलंगावरचा भाऊ दिसला.

भावाला काही त्रास झाला नव्हता. "पास की नापास?" त्याने विचारलं. मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. त्याने ओळखलं आणि पडद्याकडे तोंड फिरवलं.

रेघ जाग्यावर आल्यावर डॉक्टर माझ्याबरोबर बाहेर आले. मी त्यांना आधी एकदा आत्याचं वाक्य सांगून ठेवलं होतं, आईला तुम्हीच सांगा अशी विनंती केली होती. त्यांनी बाकावर तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. दोष आहे. मुलगा चक्कर येऊन पडला होता, म्हणून छातीत एक छोटं यंत्र बसवायचं. लय बिघडली तर ते स्वतःहून ठोका सावरेल. ताप आला की लगेच उतरवायचा, काही औषधं टाळायची. काम, लग्न, संसार, सगळं करता येईल. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हा दोष बायकांतही असू शकतो. तुमचीही तपासणी करून घेऊ." मी मान डोलावली. त्या घटकेला ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

"आणि मावशी," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मालकांना जवळपास नक्की हाच दोष असणार. जन्मापासून. जेवण फार तर निमित्त झालं असेल. तेव्हा नसतं झालं तर पुढे कशाने तरी झालं असतं. तुमच्या हातून काही घडलेलं नाही."

आई त्यांचं बोलणं नीट ऐकत होती. डॉक्टर उठून गेले. हे वाक्य मी तीस वर्षं शोधत होते. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ऐकलंस ना? तुझा दोष नव्हता. कधीच नव्हता. सुटलीस तू, आई."

तिने हात सोडवून घेतले. डोळ्यांना पदर लावला नाही, आवाजही चढवला नाही.

"म्हणून तर मूळ दिलां होतां," ती म्हणाली. "नाय निघाला असता दोष तर मी मारलां त्यांना, असां ठरलां असतां. ठरू दे की. तीस वरसां घेतलांय मी अंगावर, आणखी थोडां घेतलां असतां. तू शिकलेली, तुला येवडां कसां कळत नाय, बाय? मी दोषी असले असते तर तुमी दोघां सुटला असता."